बारादरीवरून दिसलेले पाणी

गेल्या दिवाळीत पुतण्याच्या मुलीने, आमच्या नातीने, स्पेनमधील ग्रानाडा शहरातून काही छायाचित्रे पाठविली. टेकडीवरचा तांबूस राजवाडा, त्याच्या चौकात बारा दगडी सिंहांच्या पाठीवरचे कारंजे आणि शेजारच्या हेनेरालिफे बागेतील पाण्याचा लांबट पाट. हाच अल्हंब्रा. उत्तर आफ्रिकेतून आलेल्या ज्या मुसलमानांना युरोपीय लोक मूर म्हणत, त्यांच्या राजवटीतील ही वास्तू. सोबत तिचा प्रश्न होता, "आजोबा, आपल्या मराठवाड्यात डोंगरावर असा महाल आहे का?"

उत्तर ठाऊक होते. पण पाहून येऊन लिहावे असे ठरविले. वेरूळच्या जैन लेण्यांचे दर्शन बरेच दिवस राहिले होते. आम्ही उभयता हिंगोलीहून औंढा, जिंतूर, जालना या मार्गाने निघालो आणि वाटेत देवगिरी, म्हणजेच दौलताबाद, गाठले.

हा यादवांच्या राजधानीचा किल्ला. १३२७ मध्ये महंमद तुघलकाने दिल्लीहून राजधानी येथे हलविली आणि दौलताबाद हे नाव दिले. पायथ्याशी सरस्वती बाव आणि तिच्या पुढे हत्ती हौद आहे. हौद सुमारे ३८ मीटर लांब, तेवढाच रुंद आणि सहा मीटरहून अधिक खोल. डोंगरातील तलावांचे पाणी नळांनी येथवर आणीत. आम्ही गेलो तेव्हा तळाशी थोडे हिरवट पाणी होते. गुडघ्यांमुळे सौ. तेथेच सावलीत थांबल्या. "तुम्ही जाऊन या, पण घाई करू नका," एवढेच म्हणाल्या.

खंदकावरचा पूल, तासून उभा केलेला कडा, वटवाघळांच्या वासाने भरलेली अंधारी आणि मग न संपणाऱ्या पायऱ्या. गणपतीच्या देवळाशी दोनदा बसलो. वर बारादरी आहे. १६३६ मध्ये शाहजहान दक्षिणेत आला, त्या सुमारास ही बांधली गेली. कमानींतून खालचे सारे खोरे दिसते. वारा उत्तम होता. मात्र दालने कोरडी आणि रिकामी होती. खाली चौकोनी हौद आरशाएवढा दिसत होता.

नातीच्या छायाचित्रांतील महाल जिवंत वाटतो आणि हा का वाटत नाही, याचा विचार करीत बसलो. अल्हंब्राच्या टेकडीवरही आपोआप पाणी नव्हते. तेराव्या शतकात तेथील सुलतानांनी दार्रो नदीचे पाणी सुमारे सहा किलोमीटर वरून पाट काढून आणले. १४९२ मध्ये राज्य गेले, तरी नव्या धन्यांनी पाट सांभाळला. म्हणून बाग राहिली.

बँकेत असताना विहिरींसाठी मी पुष्कळ कर्जे मंजूर केली. खोदाई, बांधकाम, मोटर यांचा खर्च अर्जात असे आणि तो आम्ही बारकाईने तपासीत असू. दरवर्षी गाळ काढण्याचा खर्च मात्र कोणी लिहीत नसे आणि आम्हीही कधी विचारला नाही. बारादरीत बसल्यावर ही चूक प्रथमच टोचली. कारण तीच चूक घरीही होऊ घातली होती.

आमच्या जुन्या वाड्यात आजोबांनी खोदलेला सहा परस खोल आड आहे. आई त्याचे पाणी गाळून घेई आणि गाळणे उलटे धुऊन ते पाणी पुन्हा त्याच आडात अलगद सोडी. पाण्यातील जीव आपल्या ठिकाणी परत जावेत म्हणून. नळ आले, आड पडून राहिला, त्यात कचरा साचला. आता दुकानाच्या गाड्या उभ्या करण्यासाठी तो बुजवावा, असे पुतण्याचे म्हणणे होते. मीही जवळजवळ होकार दिला होता.

घरी परतल्यावर त्याला म्हणालो, "एकदा गाळ काढून पाहू. खर्च माझा. पाणी लागले नाही तर बुजव." तो म्हणाला, "काका, नळाला पाणी असताना हा खर्च कशाला?" मी म्हणालो, "उन्हाळ्यात टँकर मागवितोस, त्याची बिले काढ." बिले निघाली, मग तो काही बोलला नाही.

गाळ काढायला चार दिवस लागले. पाचव्या दिवशी सकाळी तळाशी गुडघाभर पाणी होते. ते अजून पिण्याजोगे नाही. धुण्याला आणि अंगणातील झाडांना चालते. आडावर जाळी बसविली आहे आणि दरवर्षीच्या गाळाची रक्कम पुतण्याने स्वतःच दुकानाच्या खर्चात धरली आहे.

नातीला दोन छायाचित्रे पाठविली. एक बारादरीचे आणि एक आडाचे. तिने विचारले, "दुसरा महाल कोणता?"