पौषात धोंडा का नाही

2023 साली श्रावण अधिक आला. आईने तांदूळ तीन दिवस भिजत घातले, रोज पाणी बदललं, फडक्यावर निथळून कुटले, गुळात मळून गोळा डब्यात मुरायला ठेवला. जावयाचे 33 अनरसे. खसखशीवर पहिला अनरसा थापताना ती म्हणाली, "चैत्रात धोंडा आला, ज्येष्ठात आला, भाद्रपदात आला. पौषात आलेला मात्र मी जन्मात पाहिला नाही. का गं?"

अधिक महिना का येतो, हे मला सांगता आलं असतं. चंद्राचं वर्ष 354 दिवसांचं, सूर्याचं 365 चं. दरवर्षी अकरा दिवसांचा फरक साठत जातो आणि बत्तीस-तेहतीस महिन्यांनी एक जादा महिना धरून तो भरून काढतात. पण पौषात का नाही? मी जुन्या नोंदी काढून बसले. 2012 भाद्रपद, 2015 आषाढ, 2018 ज्येष्ठ, 2020 आश्विन, आणि आता श्रावण. सगळे उन्हापावसातले. थंडीतला एकही नाही. शाळेनंतर मिटलेलं पदार्थविज्ञान मी त्या यादीपायी पुन्हा उघडलं.

सुरुवातीलाच कळलं की चंद्राविषयी माझी समजूत चुकीची होती. तो वर कुठेतरी टांगलेला आहे असं मला वाटत आलं होतं. तो पडत असतो. झाडावरून सुटलेला आंबा पहिल्या सेकंदात 4.9 मीटर खाली येतो. चंद्र पृथ्वीच्या मध्यापासून आंब्याच्या साठपट दूर; अंतर साठपट झालं की ओढ साठ गुणिले साठ, म्हणजे 3600 पट कमी होते. न्यूटनने केलेला हा हिशेब मी विजेच्या बिलाच्या पाठीवर मांडला. उत्तर आलं एक पूर्णांक चार मिलिमीटर. चंद्र एका सेकंदात पृथ्वीकडे एवढाच पडतो, ताटलीतल्या खसखशीच्या एका दाण्याहून किंचित जास्त. आणि त्याच सेकंदात तो आडवा एक किलोमीटर पुढे जातो. त्याच्या वाटेला जो बाक येतो, तो या पडण्याने येतो. आजोळी जोंधळ्याच्या मळ्यात मामा गोफण फिरवायचा. एक दोरी हातातून सुटली की धोंडा गोल फिरायचं सोडून सरळ रेषेत निघून जायचा. चंद्राची ही दोरी दिसत नाही आणि आजवर कधी सुटलेली नाही. बिल हातात घेऊन मी गॅलरीत गेले. समोर ढगाआडून अर्धा चंद्र येत होता, आणि मला पहिल्यांदा तो पडताना दिसला.

मग केपलर. त्याच्यावर माझा जीव जडला आहे. टायको ब्राहेने नुसत्या डोळ्यांनी टिपलेल्या मंगळाच्या जागा प्रागमध्ये त्याच्यापुढे होत्या. वर्तुळ धरून केलेलं गणित त्यांच्याशी जवळजवळ जुळलं. फरक राहिला आठ कलांचा, पूर्ण चंद्राच्या रुंदीच्या पावभर. दुसऱ्या कुणी तो सोडून दिला असता. त्याला तो सोडवेना. त्या आठ कलांनी त्याला वर्तुळ सोडायला लावलं, आणि 1609 साली त्याने लिहिलं की ग्रह लंबवर्तुळात फिरतात, सूर्य त्याच्या एका नाभीशी असतो, आणि सूर्याजवळ आलेला ग्रह वेगाने धावतो, दूर गेलेला मंदावतो.

मी पाटावर कागद अंथरला, दोन टाचण्या रोवल्या, दोऱ्याचं कडं अडकवून पेन्सिल फिरवली. पृथ्वीची कक्षा तीस सेंटिमीटर रुंद काढायची, तर दोन टाचण्यांमध्ये अंतर हवं फक्त पाच मिलिमीटर. निघालेली आकृती वर्तुळापासून वेगळी ओळखताच येईना. पण सूर्य मधोमध न राहता एका टाचणीवर आला, जरासा कडेला, आणि तेवढ्यानेही खूप फरक पडतो. जुलैपासून जानेवारीपर्यंत पृथ्वी सूर्याच्या दिशेने थोडी थोडी पडत जाते आणि वेग घेते. जानेवारीपासून जुलैपर्यंत ती पुन्हा दूर जाते, चढावर लागल्यासारखी, आणि वेग गमावते. भिंतीवरच्या कॅलेंडरवर मी दिवस मोजले. 21 मार्च ते 23 सप्टेंबर 186 दिवस. तिथून पुन्हा 21 मार्चपर्यंत 179. थंडीकडचं अर्धं वर्ष आठवडाभराने आखूड! ही कॅलेंडरं आयुष्यभर डोळ्यांसमोर होती. मी कधी मोजलं नव्हतं.

आईचं उत्तर तिथेच होतं. ज्या चांद्रमासात सूर्य एकही रास ओलांडत नाही, म्हणजे संक्रांतच येत नाही, तो महिना अधिक. चांद्रमास साडेएकोणतीस दिवसांचा. आषाढाच्या सुमारास मिथुन रास ओलांडायला सूर्याला साडेएकतीस दिवस लागतात. दोन संक्रांतींमधल्या त्या ऐसपैस जागेत अख्खा चांद्रमास सहज मावतो. पौषाच्या तोंडावर धनु रास तो चांद्रमासाहूनही किंचित कमी वेळात ओलांडतो. संक्रांत चुकवायला जागाच उरत नाही. उलट, क्वचित एकाच महिन्यात दोन संक्रांती येतात आणि महिना क्षय पावतो.

शं. बा. दीक्षितांच्या ‘भारतीय ज्योतिषशास्त्रा’त मला ‘मंदोच्च’ हा शब्द भेटला. सूर्य ज्या ठिकाणी सर्वांत मंद चालतो, ते ठिकाण. पंचांगकर्त्यांना ही चाल केपलरच्या कित्येक शतकं आधीपासून माहीत होती, ते ती गणितात धरत होते. 1150 साली सिद्धान्तशिरोमणी लिहिणाऱ्या भास्कराचार्यांनी तर पृथ्वीला आकर्षणशक्ती आहे आणि वस्तू तिच्याकडे ओढली जाते, हेही सांगून ठेवलं. आंब्याची ओढ आणि सूर्याची चाल एका दोरीत बांधली गेली ती 1687 साली, न्यूटनच्या ग्रंथात. त्या मधल्या पाच शतकांचा विचार करताना मी पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहते.

आईला हे सगळं सांगितलं ते जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, गच्चीवर. आज आपण सूर्याच्या सगळ्यात जवळ आहोत, म्हटलं, 14 कोटी 70 लाख किलोमीटरवर. जुलैत 15 कोटी 20 लाखांवर असतो.

"जवळ? मग थंडी कशी?"

मी हातातलं संत्रं कलतं धरलं. पृथ्वीचा आस साडेतेवीस अंशांनी कललेला आहे, या दिवसांत आपली बाजू सूर्यापासून पलीकडे झुकते, किरणं तिरपी पडतात, दिवसही लहान होतो. जवळ असण्याची ऊब त्यापुढे फारशी जाणवत नाही. तिने संत्रं घेऊन स्वतः कलवून पाहिलं, दोनदा.

"म्हणजे आषाढात तो रेंगाळतो," ती म्हणाली, "आणि पौषात घाईत असतो." मग विचारलं, "पुढचा धोंडा कधी?"

"2026. ज्येष्ठ."

"आंब्याच्या दिवसांत." तिने मान हलवली, संत्रं सोलायला घेतलं आणि खुर्ची जराशी सरकवली. ऊन तेवढ्यात तिच्या पायांवरून निघून गेलं होतं.