जमावातला चेहरा

२००२च्या गुजरात दंगलीचा विषय निघाला की त्या काळात वर्तमानपत्रे वाचणाऱ्यांना दोन फोटो हटकून आठवतात. एकात एक तरुण हात जोडून उभा आहे, डोळे पाण्याने भरलेले, नजर समोरच्या शीघ्र कृती दलाच्या जवानांकडे. दुसऱ्यात कपाळाला पट्टी बांधलेला एक दाढीवाला माणूस हात पसरून ओरडतो आहे, मुठीत लोखंडी सळई, पाठीमागे आग. पहिला फोटो रॉयटर्सच्या आर्को दत्ता यांनी १ मार्च २००२ रोजी अहमदाबादेत काढला. दुसरा एएफपीसाठी सेबॅस्टियन डिसोझा यांनी टिपला. एक भीतीचा चेहरा झाला, दुसरा द्वेषाचा. प्रत्यक्षात दोघेही त्याच शहरातले, हातावर पोट असलेले. एक शिंपीकाम करणारा, दुसरा फूटपाथवर बसून चपला दुरुस्त करणारा. दोघांची नावे पुढे मुलाखतींमधून सगळीकडे पोचली. या लेखात ती मुद्दाम दिलेली नाहीत.

शिंपीकाम करणारा तरुण त्या दिवशी वाचला. त्याचा फोटो मात्र त्याला सोडेना. तो मालेगावला बहिणीकडे आला, तिथे कामाला लागला, तर चेहरा ओळखला गेला आणि काम सुटले. मग तो कोलकात्याला गेला, तिथून पुन्हा अहमदाबादला परतला. दरम्यान राजकीय पक्षांनी त्याचा चेहरा प्रचारात वापरला, अतिरेकी गटांनीही वापरला. त्याला कोणी विचारले नाही. दहा वर्षांनी आर्को दत्ता त्याला भेटायला गेले आणि झाल्या त्रासाबद्दल त्यांनी माफी मागितली, तेव्हा त्याने त्यांना दोष दिला नाही.

मग चूक कुठे झाली? तो फोटो काढला गेला नसता, तर त्या दिवसांतली असहायता जगाला इतक्या थेट कळली नसती. म्हणून काढणे बरोबरच होते. पण काढण्याचा निर्णय क्षणात होतो. तो छापायचा का, कोणत्या मजकुरासोबत छापायचा, पुन्हा किती वर्षे छापत राहायचे, हे निर्णय टेबलावर बसून, पुरेसा वेळ हाताशी असताना घेतले जातात. दंगलीच्या छायाचित्रणाची नीती बहुतेक वेळा छायाचित्रकाराच्या बोटाशी जोडली जाते. खरी जबाबदारी मात्र टेबलाकडे जास्त जाते, आणि वर्षानुवर्षे संग्रहातून तोच फोटो उचलणाऱ्यांकडेही.

डिसोझा यांच्या वाट्याला पुढे आणखी एक फोटो आला. २६ नोव्हेंबर २००८च्या रात्री मुंबईवर अतिरेकी हल्ला झाला, तेव्हा ते मुंबई मिरर या दैनिकात होते. टाइम्स ऑफ इंडियाच्या इमारतीतून ते समोरच्या सीएसटी स्थानकात धावले आणि उभ्या असलेल्या लोकलच्या डब्यात दडून त्यांनी अजमल कसाबचा फोटो घेतला. पाठीवर पिशवी, हातात रायफल, स्थानकातला पिवळसर उजेड. तो फोटो जगभर गेला. टाइम्सचे श्रीराम वेर्णेकरही त्या रात्री तिथेच फोटो काढत होते. स्थानकात सशस्त्र पोलिस होते, त्यांना आपण गोळी झाडायला सांगत होतो, असे डिसोझा यांनी नंतर मुलाखतींमध्ये सांगितले. साक्षीदार राहायचे की मध्ये पडायचे, हा प्रश्न चर्चासत्रात शांतपणे हाताळता येतो. त्या डब्यात तो किती कठीण असेल याची कल्पना करून पाहावी.

पुढे दोघांनीही विशेष न्यायालयात साक्ष दिली. २०१२ साली कसाबची फाशी कायम करताना सर्वोच्च न्यायालयाने या दोघांच्या धाडसाची गौरवाने दखल घेतली. त्याच निकालपत्रात वृत्तवाहिन्यांच्या थेट प्रक्षेपणावर कडक ताशेरे आहेत, कारण पडद्यावर दिसणाऱ्या सुरक्षा दलांच्या हालचाली अतिरेक्यांच्या पाकिस्तानातल्या सूत्रधारांनाही दिसत होत्या. रात्र तीच, शहर तेच, हातात कॅमेरेच. फरक होता तो दाखवण्याच्या वेळेचा.

फोटो पुरावा ठरतो, पण आपोआप नाही. प्रवीण जैन यांनी ५ डिसेंबर १९९२ रोजी अयोध्येत दोर आणि अवजारे घेऊन चाललेल्या सरावाचे फोटो काढले होते. दुसऱ्या दिवशी बाबरी मशीद पडली, तेव्हा तिथे अनेक छायाचित्रकारांना मारहाण झाली, कॅमेरे फोडले गेले. जैन यांनी पुढे सीबीआयच्या विशेष न्यायालयात साक्षही दिली. ३० सप्टेंबर २०२० रोजी सर्व ३२ आरोपी निर्दोष सुटले, आणि फोटो व चित्रफितींचा पुरावा न्यायालयाने ग्राह्य धरला नाही. अट्ठावीस वर्षांनंतर जेव्हा निगेटिव्ह कुठे आहे, कॅसेट सीलबंद होती का, असे प्रश्न येतात, तेव्हा त्या दिवशी मार खाऊन फोटो वाचवणाऱ्यांच्या कष्टांचे काय होते, हे लिहिताना हात जड होतो.

डिजिटल फोटोचा मामला आणखी नाजूक. जालन्यातून आमदार झालेल्या अर्जुन खोतकर यांच्या निवडणुकीवरून वाद होता. उमेदवारी अर्ज वेळेत भरला होता की नाही, हे निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या चित्रीकरणावरून ठरवायचे होते. त्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२०मध्ये स्पष्ट केले की इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या प्रतीसोबत जुन्या पुरावा कायद्याच्या कलम ६५-बचे प्रमाणपत्र हवेच. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात ती तरतूद कलम ६३मध्ये आली आहे आणि प्रमाणपत्रात फाइलचे हॅश मूल्य नोंदवावे लागते. हॅश म्हणजे फाइलवरून गणिताने निघणारी अक्षर-अंकांची एक ओळ. फाइलमधला एक बिंदू बदलला तरी ती ओळ बदलते. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरून आलेली प्रत आणि कार्डावरची मूळ फाइल यांची ती ओळ सहसा जुळत नाही. म्हणून मोर्चाहून परतल्यावर आधी मूळ फाइल जशीच्या तशी दोन ठिकाणी ठेवावी. छाटणे, उजळणे, चेहरा धूसर करणे, हे सगळे नंतर आणि प्रतीवर.

चेहरा धूसर करायचाच का? इथे छायाचित्रकारांमध्येच दोन तट आहेत. रस्त्यावर उतरलेला माणूस स्वतःच जगासमोर येतो, मग लपवायचे काय, असे एक मत. ते जुन्या काळात बरेचसे खरे होते. आता चेहरा सॉफ्टवेअरला दिला जातो. दिल्लीतल्या फेब्रुवारी २०२०च्या दंगलीनंतर, चेहरा ओळखणाऱ्या यंत्रणेने अकराशेहून अधिक लोक ओळखल्याचे केंद्रीय गृहमंत्र्यांनी लोकसभेत सांगितले. दंगलीच्या पुढच्याच महिन्यात लखनऊच्या चौकांमध्ये सरकारी फलक लागले. नागरिकत्व कायद्याविरुद्धच्या आंदोलनातल्या नुकसानीची वसुली ज्यांच्यावर काढली होती, त्यांचे फोटो, नावे आणि पत्ते त्यावर होते. अलाहाबाद उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेऊन ९ मार्च २०२० रोजी ते उतरवण्याचा आदेश दिला. पत्त्यासह चौकात लटकलेला चेहरा एखाद्या जमावाला घरापर्यंत आणू शकतो. हे माहीत असताना सगळ्यांना एकच नियम लावणे बरोबर नाही. सत्तेच्या वतीने लाठी चालवणारा, दगड हातात घेतलेला, घर पेटवणारा यांचा चेहरा दिसण्यात समाजाचे हित आहे. घोषणा देणारी कॉलेजातली मुलगी, जखमी झालेला वाटसरू, पळणारे मूल यांच्याबाबत आधी विचार व्हायला हवा: उद्या सकाळी हा फोटो कोणाकोणाच्या हातात असेल?

आणि चेहऱ्याशिवाय फोटो होत नाही, हा समज तर महाराष्ट्रानेच खोटा ठरवला आहे. मार्च २०१८मध्ये किसान सभेचा लाँग मार्च नाशिकहून निघाला. सुमारे १८० किलोमीटर चालत हजारो आदिवासी शेतकरी मुंबईत आले. दहावीच्या परीक्षेला जाणाऱ्या मुलांची अडचण होऊ नये म्हणून शेवटचा टप्पा त्यांनी रात्रीच चालून आझाद मैदान गाठले. त्या मोर्चाचे जे फोटो लोकांच्या मनात राहिले, ते पायांचे. सोललेले तळवे, फुटलेले फोड, झिजलेली चप्पल. फोटो पाहून मुंबईकर पाणी, खाणे आणि चपला घेऊन रस्त्यावर आले.

कायद्याबद्दल गैरसमज दोन्ही बाजूंना आहेत. सार्वजनिक रस्त्यावर उभे राहून मोर्चाचा किंवा बंदोबस्तातल्या पोलिसाचा फोटो काढणे हा गुन्हा नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२२मध्ये तर पोलिस ठाण्यातले चित्रीकरणही शासकीय गुपिते कायद्याखाली गुन्हा ठरत नाही असे सांगितले, कारण ठाणे ही त्या कायद्यातली ‘प्रतिबंधित जागा’ नाही. तपासासाठी पोलिस कॅमेरा जप्त करू शकतात, पण त्याची रीतसर नोंद झाली पाहिजे. फोटो पुसून टाकायला लावण्याचा अधिकार त्यांना कोणत्याही कलमाने दिलेला नाही. दुसरीकडे, जमावबंदी लागू असताना पांगण्याचा हुकूम झाला की गळ्यात कॅमेरा आहे म्हणून कोणी जमावाबाहेरचा ठरत नाही. पोलिसाला ढकलले की शासकीय कामात अडथळ्याचे कलम, जुन्या दंड संहितेतले ३५३, आता न्याय संहितेतले १३२, लागायला वेळ लागत नाही. लैंगिक अत्याचार झालेल्या व्यक्तीची ओळख उघड करणे हा गुन्हा आहे. गुन्ह्यात सापडलेल्या, बळी पडलेल्या किंवा साक्षीदार असलेल्या मुलाची ओळखही बालन्याय कायद्याच्या कलम ७४मुळे देता येत नाही.

हे सगळे ठाऊक असूनही जमावासमोर कलमे कामाला येत नाहीत. ११ ऑगस्ट २०१२ रोजी आझाद मैदानावरची निदर्शने बिघडली, तेव्हा वाहिन्यांच्या ओबी व्हॅन पेटवल्या गेल्या, छायाचित्रकारांना मारहाण झाली. दोघांचा जीव गेला. जवळच्या अमर जवान स्मारकाला लाथ मारणाऱ्या तरुणाचा फोटो मात्र कोणीतरी घेतलाच, आणि त्यावरून तो पुढे बिहारमध्ये पकडला गेला. अशा फोटोमुळेच जमाव आधी कॅमेऱ्यावर धावून येतो. दिल्लीत २०२०मध्ये छायाचित्रकारांना नाव आणि धर्म विचारून अडवले गेले. तिथेच रॉयटर्सच्या दानिश सिद्दिकी यांनी पांढऱ्या कपड्यांतल्या एका माणसाला जमाव घेरून मारत असल्याचा फोटो काढला आणि जमावाचे लक्ष आपल्याकडे वळताच ते तिथून निघाले. निघणे हेही या कामाचे कौशल्य आहे. जाणती मंडळी आधी परतीची गल्ली पाहून ठेवतात, जोडीने जातात, पोलिस आणि दगडफेक करणारे यांच्या मधल्या पट्ट्यात उभे राहत नाहीत, हेल्मेट आणि गॉगल विसरत नाहीत, भरलेले कार्ड काढून दुसरीकडे ठेवतात. उंचावरून काढलेल्या फोटोत गर्दीचा आवाका येतो आणि चेहरेही वाचतात.

महाराष्ट्राने २०१७मध्ये पत्रकारांवरील हल्ल्यांविरुद्ध स्वतंत्र कायदा मंजूर केला. असा कायदा करणारे हे पहिले राज्य. हल्लेखोराला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पण त्यातली माध्यमकर्मीची व्याख्या माध्यमसंस्थेच्या नोकरीत किंवा करारावर असलेल्यांभोवती आखलेली आहे. तालुक्याच्या ठिकाणी रास्ता रोको झाला की आज सर्वात पुढे असतो तो मोबाइल घेतलेला मुलगा. स्वतःचे छोटे चॅनेल चालवणारा, किंवा बातमीमागे पैसे मिळणारा, अधिस्वीकृती पत्रिका नसलेला. त्याच्याकडे हेल्मेट नाही, विमा नाही, कोणता चेहरा झाकायचा हे सांगणारा संपादक नाही, आणि व्हिडिओ तो जागेवरूनच लाइव्ह करतो. मोठ्या शहरांतल्या पत्रकार संघांनी आणि पत्रकारिता शिकवणाऱ्या विभागांनी पहिली कार्यशाळा त्याच्या तालुक्यात घ्यावी. पहिल्या तासाला त्याला लाइव्ह बंद करून आधी मूळ चित्रीकरण जपायला शिकवावे. आणि राज्याने त्या व्याख्येत त्याच्यासाठी जागा करावी.