वत्सगुल्माचे पाहुणे

आजच्या वाशिमला प्राचीन काळी वत्सगुल्म म्हणत. इतिहासाच्या पुस्तकांत ते वाकाटकांची एक राजधानी म्हणून येते, साहित्यात मात्र त्याची ख्याती सवडीचे नगर अशी आहे. परक्या मुलखात वावरणाऱ्या माणसाला दोन दिवस मोकळे मिळावेत आणि ते त्याने एखाद्या गजबजलेल्या शहरात रमतगमत घालवावेत, हे सुख आज लंडन-सिंगापूरच्या नावांनी सांगितले जाते. अकराशे वर्षांपूर्वीच्या एका लेखकाला त्यासाठी वऱ्हाडातल्या या गावाचे नाव सुचले होते.

वाकाटक घराण्यातील पहिल्या प्रवरसेनाचा मुलगा सर्वसेन याने चौथ्या शतकात येथे आपली स्वतंत्र शाखा वसवली. महाराष्ट्री प्राकृतात, म्हणजे जिच्या वळणातून पुढे मराठी आकाराला आली त्या भाषेत, त्याने 'हरिविजय' हे काव्य लिहिले, आणि ते आज उपलब्ध नसले तरी आनंदवर्धनासारख्या काश्मिरी साहित्यमीमांसकाने त्याची दखल घेतल्यामुळे काव्य हरवूनही कवी उरला. त्याचा मुलगा दुसरा विंध्यशक्ती याने राज्याच्या 37व्या वर्षी वत्सगुल्माहून दिलेला ताम्रपट 1939 साली वाशिमलाच सापडला. त्यात राजाची वंशावळ संस्कृतात आहे आणि पुढचा दानाचा व्यवहार प्राकृतात. वाडवडिलांची नावे घेताना एक भाषा आणि जमिनीची गोष्ट निघाली की दुसरी, ही रीत महाराष्ट्राला परकी वाटू नये.

अशा दुभाषी नगरातील रिकामा वेळ कसा जात असेल, याचा अदमास वात्स्यायनाच्या 'कामसूत्रा'तून बांधता येतो. वत्सगुल्माच्या राजवाड्यातील एका प्रथेचा उल्लेख या ग्रंथात आहे खरा, पण तो नगराची शोभा वाढवणारा नाही, म्हणून तो बाजूला ठेवलेला बरा. त्याऐवजी 'नागरका'चे, म्हणजे शहरात घर करून राहणाऱ्या रसिक, सुखवस्तू गृहस्थाचे, प्रकरण पाहावे. हा गृहस्थ जन्माने त्या शहरातलाच असेल असे ग्रंथकार धरत नाही. त्याने नगरात राहावे किंवा उपजीविका नेईल तेथे राहावे, असे तो म्हणतो. पोपट-मैनांना बोलायला शिकवणे, दुपारची झोप, संध्याकाळचे गाणे असा त्याचा दिवस असतो. पंधरवड्यातून किंवा महिन्यातून एका ठरलेल्या दिवशी सरस्वतीच्या मंदिरात 'समाज', म्हणजे नाचगाण्यांसाठी जमलेला मेळा, भरतो, त्यात बाहेरगावचे नट आपला खेळ करतात, दुसऱ्या दिवशी त्यांना ठरलेली बिदागी मिळते, आणि मग त्यांचा खेळ पुन्हा पाहायचा की त्यांना निरोप द्यायचा, हे ज्याच्या त्याच्या आवडीवर असते. या मेळ्याला आलेल्या परक्यांचा पाहुणचार करणे हा तर नियमच. शनिवार-रविवारची सुटी माहीत नसलेल्या काळात सुटीचे दोन दिवस इतक्या नेमकेपणाने आखलेले पाहून मौज वाटते. गोष्ठीत, म्हणजे समवयस्कांच्या बैठकीत, निव्वळ संस्कृत बोलू नये आणि निव्वळ देशभाषाही बोलू नये, हा त्याचा सल्ला वाशिमच्या ताम्रपटाला कोणी सांगितला नसावा, तरी तो त्याने पाळलेला आहे.

वत्सगुल्माला खरे अमरत्व दिले ते राजशेखराने, इसवी सन 900च्या आसपास. राजशेखर यायावर कुळातला. त्याचा पणजोबा अकालजलद 'महाराष्ट्रचूडामणी' म्हणून ओळखला जाई. पण राजशेखराच्या आयुष्याचा मोठा भाग मात्र गेला कनोजला, प्रतिहार सम्राट महेंद्रपालाचा गुरू म्हणून. म्हणजे आजच्या भाषेत हा मोठ्या पगारावर उत्तरेत स्थायिक झालेला मराठी मुलखातला माणूस. त्याच्या 'काव्यमीमांसा' या ग्रंथात काव्यपुरुषाची गोष्ट येते. काव्यपुरुष हा सरस्वतीचा मुलगा. आई ब्रह्मदेवाच्या सभेला निघाली आणि त्याला बरोबर नेईना, म्हणून तो रुसून घराबाहेर पडला. त्याचा मित्र कार्तिकेय रडू लागला, तेव्हा गौरीने साहित्यविद्या नावाची वधू निर्माण करून त्याच्या मागे धाडली. पुढचे सारे कथानक म्हणजे एक लांबलचक भटकंती आहे. पूर्वेकडे अंग-वंग, मग पांचाल, मग अवंती, मग दक्षिण असा तो पुढे पुढे आणि ती मागोमाग. प्रत्येक देशात ती निराळा वेश करते, निराळी नाचते, आणि तोच वेश त्या त्या देशाच्या स्त्रियांनी उचलला असे राजशेखर सांगतो. पूर्वेत तो तिच्याकडे वळत नाही, आणि तिथल्या समासांनी जड झालेल्या बोलण्याला गौडी रीती, म्हणजे शैली, हे नाव पडते. पुढे तो हळूहळू विरघळत जातो, आणि दक्षिणेत तो पुरता तिचा होतो तेव्हा प्रासादिक, सुटसुटीत, कानाला गोड अशी वैदर्भी रीती जन्मते. आता विदर्भात वत्सगुल्म नावाचे नगर आहे, ते मदनाचे क्रीडास्थान. तेथे या दोघांनी गांधर्व विवाह केला, म्हणजे वडीलधाऱ्यांना न विचारता परस्परांच्या संमतीने. लग्नानंतर ती दोघे थेट घरी गेली नाहीत, पाहिलेले देश पुन्हा एकदा हिंडून मग हिमालयात वाट पाहत बसलेल्या दोन्ही आयांपुढे उभी राहिली. पहिल्या फेरीत नुसता प्रवास होता, सहल सुरू झाली ती वत्सगुल्मापासून.

त्याच लेखकाने उलटी फेरीही लिहून ठेवली आहे. 'कर्पूरमंजरी' हे त्याचे सट्टक, म्हणजे आरंभापासून शेवटपर्यंत प्राकृतात असलेले नाटक. त्यात भैरवानंद नावाचा तांत्रिक एक चमत्कार म्हणून दक्षिणेतील वच्छोम नगराची, म्हणजे वत्सगुल्माची, एक मुलगी नुकती न्हालेली असताना मंत्राने राजा चंडपालाच्या महालात आणून उभी करतो. ती राणीची मावसबहीण निघते, आणि राणी तिला पंधरा दिवस ठेवून घेते. मग वाशिमची ही पाहुणी परक्या राजधानीत झोपाळ्याच्या सणाला झोके घेते, झाडांना बहर आणते, कोंडून ठेवली जाते आणि अखेर राजाची राणी होते. पंधरा दिवसांसाठी गेलेली माणसे परदेशातच राहतात, ही तक्रार त्या काळीही वत्सगुल्माच्या आईबापांना करता आली असती.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. सर्वसेनाच्या वंशातील हरिषेणानंतर वाकाटक सत्ता ओसरली, आणि राजशेखर लिहीत होता तेव्हा तिला जाऊन चारशे वर्षे होत आली होती. मधल्या काळात, सातव्या शतकात, पहिला भास्कर या ज्योतिर्विदाने लंकेपासून उज्जयिनीमार्गे मेरूपर्यंत जाणाऱ्या मध्यरेषेवरील गावांच्या यादीत वत्सगुल्माला संपन्न नगर म्हणून स्थान दिले होते. इतर ठिकाणची ग्रहगणिते या रेषेपासून जितके अंतर असेल त्या मानाने दुरुस्त करावी लागत. म्हणजे नगराचा लौकिक टिकला होता. तरी राजशेखराने रंगवलेले मदनाचे क्रीडास्थान त्याने डोळ्यांनी पाहिलेल्या रस्त्यांपेक्षा घराण्यात ऐकलेल्या मोठेपणावर अधिक उभे असावे. दूर राहणाऱ्याला आपला मुलूख असाच दिसतो, रोजच्या चिखलाशिवाय. कनोजच्या मानमरातबात बसून त्याने सर्वांत गोड रीतीला जन्म आणि लग्नाला जागा दिली ती दक्षिणेत, हा पक्षपात निर्मळ आहे आणि तो क्षम्य मानावा.

पुढे वाशिम कापडासाठी नावाजले. 1769च्या कनकापूरच्या तहात नागपूरकर भोसल्यांनी पेशव्यांना दरसाल पाच हजार रुपयांचे वाशिम-बाळापूरचे कापड द्यावे असे कलम आहे. वाकाटकांचे वाडे आज दाखवता येत नाहीत. आलेल्या पाहुण्याला पद्मतीर्थ दाखवतात आणि भोसल्यांच्या काळात भवानी काळू या दिवाणाने बांधलेले बालाजीचे मंदिर. 1998 साली अकोल्यापासून वेगळा निघून वाशिम जिल्हा झाला, तरी सहलीच्या पुस्तकांत वाशिमच्या वाट्याला फार ओळी येत नाहीत. परदेशातून दोन दिवसांसाठी आलेला पर्यटक संभाजीनगराहून अजिंठ्याला जातो, 16व्या लेण्याच्या प्रशस्त मंडपात मान वर करून उभा राहतो आणि परत फिरतो. ते लेणे कोरवून घेणारा वराहदेव हा वत्सगुल्माच्या हरिषेणाचा मंत्री होता.