खरारा आधी, मलम नंतर : घोड्याच्या कातडीची रोजची निगा

हिंगोली शहरातील रिसाला बाजार हे नाव तेथील जुन्या छावणीची खूण आहे. रिसाला म्हणजे घोडदळाची तुकडी, आणि निजामाच्या मुलखातील हैदराबाद कंटिंजंट या फौजेचे एक ठाणे येथे होते. आज जिल्ह्यात घोडा दिसतो तो बहुधा वरातीत, आणि त्याच्या खरेदीसाठी शेजारच्या नांदेड जिल्ह्यातील माळेगावची खंडोबाची यात्रा आहेच. मोतद्दाराच्या हातातला खरारा मात्र मागे पडत असून त्याची जागा शाम्पू, चकाकी आणणारे फवारे आणि नाना तऱ्हेची मलमे घेऊ लागली आहेत.

ही द्रव्ये वाईट नाहीत, परंतु ती कोणत्या कातडीवर पडतात हे आधी पाहावे लागते. घोड्याच्या घामात लॅथरिन नावाचे फेसाळ प्रथिन असते, त्यामुळे घाम दाट केसांतून चटकन पसरून वाळतो व अंग थंड होते. तो वाळल्यावर मागे राहिलेले क्षार आणि धूळ खोगिराखाली व तंगाखाली, म्हणजे पोटाखालून आवळायच्या पट्ट्याखाली, घासत राहिले की कातडी सोलवटते. अशा मळक्या अंगावर तेल चोळले तर मळ तेथेच थापला जातो. म्हणून काम संपल्यावर साध्या पाण्याने घाम धुणे, अंग निथळून कोरडे करणे आणि खरारा फिरवणे ही खरी रोजची निगा होय. खराऱ्याने मेलेले केस निघतात आणि कातडीतील ग्रंथींचे नैसर्गिक तेल केसांवर पसरते, त्यामुळे निरोगी घोड्याला फवाऱ्याची चकाकी क्वचितच लागते. शाम्पू लागलाच तर घोड्यासाठी बनवलेला वापरावा, कारण घोड्याची कातडी माणसाच्या कातडीइतकी आम्लधर्मी नसते, आणि रोजच्या शाम्पूने हे तेलच धुऊन जाते.

पावसाळ्यात प्रश्न बदलतो. सतत ओल्या राहिलेल्या पाठीवर डर्माटोफिलस हा जीवाणू वाढून केसांचे पुंजके खपलीसकट निघतात. तेथे तेलकट मलमाने ओल कोंडली जाते आणि रोग बळावतो. याच दिवसांत 'बरसाती' नावाच्या जखमा होतात, ज्यांत घोड्याच्या जठरातील हॅब्रोनेमा या कृमीच्या अळ्या माश्यांमार्फत डोळ्याच्या कोपऱ्यात किंवा उघड्या जखमेत शिरतात आणि मांसात पिवळसर कण तयार होतात. माश्या लिदीत वाढत असल्याने तबेल्यातील लीद रोज उचलणे हाही कातडीच्या निगेचाच भाग ठरतो. माशी बसू नये म्हणून पातळ केलेले कडुनिंबाचे तेल लावतात. त्याने काही काळ आराम पडतो, पण आत शिरलेल्या अळीला पशुवैद्याने दिलेले जंतनाशकच लागते.

घरगुती उपायांत हळद जिल्ह्यातल्या वसमतसारख्या हळदीच्या मुलखात साहजिकच पहिली येते. किरकोळ खरचटण्यावर तिला हरकत नसावी (पांढऱ्या घोड्याच्या मालकाने पिवळ्या डागांची तयारी ठेवावी, इतकेच), परंतु रॉकेल आणि जळके इंजिन ऑइल यांनी कातडी भाजते, म्हणून ती पूर्णपणे वर्ज्य होत. माणसांसाठी मिळणारी स्टेरॉइडयुक्त मिश्र मलमेही फसवी असतात: गजकर्णावर ती लावली की खाज थांबल्याने रोग गेल्यासारखा वाटतो आणि बुरशी मात्र पसरत राहते. भर उन्हाळ्यात नाकावरच्या गुलाबी कातडीला झिंक ऑक्साइडचे मलम लावणे हा मात्र निःसंशय उपयोगी अपवाद आहे.

पायावर रसवाहिन्यांच्या रेषेत गाठी येऊन त्या फुटू लागल्या, तर कोणतेही मलम लावू नये. ते ग्लँडर्सचे, म्हणजे माणसालाही होऊ शकणाऱ्या जीवघेण्या जीवाणूजन्य रोगाचे, लक्षण असू शकते. असा घोडा वेगळा बांधावा, जखमेला उघडा हात लावू नये आणि सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यास तत्काळ कळवावे. २००९ च्या प्राण्यांमधील संसर्गजन्य रोग प्रतिबंधक कायद्यानुसार अशी खबर देणे मालकावर बंधनकारक आहे.