उंबऱ्यामागे वर्गणी

वर्गणीचे पावतीपुस्तक हाती घेऊन येणाऱ्या मनुष्याचे स्वागत मनापासून करणारा गृहस्थ आमच्या पाहण्यात अद्याप आलेला नाही. गणेशोत्सव असो, व्यायामशाळा असो, वाचनालय असो. ते पुस्तक लांबून दिसले की आतून 'घरी नाहीत' असा निरोप देवविण्याची प्रथा चांगल्या चांगल्या घरांत आहे. मागणाऱ्यालाही या कामाची हौस असते असे नाही. तो बिचारा कोणाच्या तरी आग्रहास्तव निघालेला असतो, आणि तिसऱ्या-चौथ्या दारानंतर त्याचा आवाज आपोआप खाली येतो. तथापि वर्गणीच्या या सर्वमान्य निंदेत एक गोष्ट विसरली जाते. वर्गणी मागितली जाणे हा त्रास खरा. पण वर्गणी न मागितली जाणे हे त्याहून फार वाईट.

आमच्या जुन्नर-आंबेगावकडील खेड्यांत जत्रेची वर्गणी उंबऱ्यामागे ठरते. ज्याचा उंबरा त्याची वर्गणी. मग घरात कमावणारे चार असोत वा एकटी म्हातारी असो. म्हातारीची वर्गणी माफ करावी असे कोणी सुचविले, तर सर्वांत आधी म्हातारीच रागावते. तिचे म्हणणे असे की, पैसे नसतील तर मी उशिरा देईन, पण यादीतून माझे घर कमी करू नका. या रागाचा अर्थ ज्यास कळला त्यास वर्गणीचा अर्थ कळला. गावाने एखाद्या कुटुंबास वाळीत टाकले म्हणजे काय करतात? त्याची वर्गणी घेणे बंद करतात. त्याच्याकडून दंड घेतील. वर्गणी मात्र घेणार नाहीत. असल्या बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्र विधिमंडळास २०१६ साली कायदा संमत करावा लागला, यावरून ही शिक्षा किती जिव्हारी लागणारी आहे हे दिसून येईल. वर्गणी घेणे म्हणजे 'तू आमच्यातला' असे कबूल करणे होय.

हे विचार आमच्या मनात घोळू लागले ते आमच्या एका स्नेह्यांमुळे. हे गृहस्थ पुण्याच्या रास्ता पेठेत राहणारे बेने इस्रायली. १९२१ साली बांधलेले सुक्कथ शेलोमो हे त्यांच्या समाजाचे प्रार्थनामंदिर त्याच पेठेत आहे. वाचकांपैकी पुष्कळांस हा समाज 'शनवार तेली' या जुन्या नावाने ऐकून माहीत असेल. तेल गाळण्याचा धंदा करणारे व शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून कोकणात त्यांस हे नाव पडले. अलिबागेजवळ नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून वाचलेली सात पुरुष व सात स्त्रिया ही आपली मूळ माणसे, अशी त्यांची परंपरागत कथा आहे. भाषा मराठी, आडनावे कोकणातील गावांवरून घेतलेली, आणि नवसफेडीस एलिया नबीच्या नावाने पोहे, खोबरे व फळे यांचा मलिदा. १९५० च्या सुमारास हा समाज सुमारे वीस हजार होता. पुढे बहुतेक घरे इस्रायलला गेली, आणि आज भारतातील सर्व ज्यू मिळून पाच हजारांच्या आत आहेत. आमचे स्नेही येथेच राहिले. त्यांचा मुलगा अमेरिकेत स्थायिक झाला.

गेल्या हिवाळ्यात ते चार दिवस आमच्याकडे जुन्नरास आले होते. लेण्याद्रीच्या पायऱ्या चढताना मध्येच बसून त्यांनी आपली अडचण सांगितली. त्यांचा नातू दर उन्हाळ्यात न्यूयॉर्ककडील डोंगरांत ज्यू मुलांच्या एका छावणीत तीन आठवडे राहावयास जातो. त्या छावणीची जुनी लाकडी घरे आता गळू लागली आहेत, स्वयंपाकघर अपुरे पडते, आणि जागेअभावी दरवर्षी मुले परत पाठवावी लागतात. यासाठी दुरुस्ती व विस्तार असा दुहेरी निधी उभारावयाचे चालकांनी ठरविले असून, मुलांच्या आजी-आजोबांनाही पत्रे गेली आहेत. "मी काही ती जागा पाहिली नाही, पाहणारही नाही," ते म्हणाले, "आणि माझे रुपये डॉलर होईपर्यंत त्यांचे उरते किती? तिथे मोठमोठे देणारे आहेत. माझ्यावाचून त्यांचे काय अडले आहे?"

प्रश्न व्यवहाराचा होता, आणि आम्हांस लगेच उत्तर सुचले नाही. मुलाने त्या छावणीत काय मिळविले हे आम्ही विचारले. त्यावर ते थोडे थांबले. पहिल्या वर्षी, त्यांनी सांगितले, इतर मुलांनी नातवास विचारले की तू खरोखर ज्यू आहेस काय. कारण असा सावळा, हिंदुस्थानी आईबापांचा ज्यू त्यांनी पाहिला नव्हता. मुलगा शाळेत वर्गमित्रांना आपण ज्यू कसे हे समजावून थकलेला, आणि येथे ज्यूंनाही तेच समजवावयाचे आले! पण तीन आठवडे एका खोलीत झोपणे, एका ताटाने जेवणे, शुक्रवारी सायंकाळी एकत्र प्रार्थना म्हणणे, या गोष्टींपुढे असले प्रश्न फार दिवस टिकत नाहीत. दुसऱ्या वर्षी त्याने तेथे मलिदा करून दाखविला, आणि तिसऱ्या वर्षी मुलांनीच तो मागितला.

या छावण्यांचा इतिहास थोडक्यात सांगण्यासारखा आहे. रशिया व पूर्व युरोपातून पळून आलेली ज्यू कुटुंबे न्यूयॉर्कच्या पूर्व भागातील कोंदट चाळींत राहत. त्यांच्या मुलांस उन्हाळ्यात मोकळी हवा व पोटभर अन्न मिळावे, एवढ्या साध्या हेतूने तेथील परोपकारी संस्थांनी शहराबाहेर छावण्या काढल्या. हडसन नदीच्या खोऱ्यात कोल्ड स्प्रिंग गावाजवळ १९०२ साली निघालेली सरप्राइज लेक ही त्यांपैकी एक जुनी छावणी होय. तेथे गेलेल्या मुलांत एडी कँटर नावाचा एक पोरका, आजीने वाढविलेला मुलगा होता. पुढे तो अमेरिकेतील नामांकित विनोदी नट झाला. ज्या छावणीत आपण प्रथम मोकळा श्वास घेतला तिला तो विसरला नाही; गरीब मुलांस तेथे पाठविण्यासाठी त्याने आयुष्यभर पैसे जमविले.

या कँटरने पुढे एक मोठी गोष्ट केली. मुलांच्या पक्षाघातावर संशोधन व उपचार करण्यासाठी, स्वतः त्या रोगाने अधू झालेल्या अध्यक्ष रूझवेल्ट यांनी जो निधी उभारला, त्यासाठी १९३८ च्या आरंभी कँटरने नभोवाणीवरून लोकांस सांगितले की, प्रत्येकाने एक डाईम, म्हणजे डॉलरचा दहावा हिस्सा, थेट अध्यक्षांच्या घरी पाठवावा. डाईम हे तेथील सर्वांत लहान रुपेरी नाणे. ते पोराच्या खिशातही असावयाचे. टपालाच्या गोण्यांनी अध्यक्षांचे कार्यालय भरून गेले. मोजदादीत २६ लाख ८० हजार डाईम निघाले. त्यांचे २ लाख ६८ हजार डॉलर झाले. ही रक्कम दोन-तीन कोट्यधीशांनी एका सहीने दिली असती. पण मग तो रोग त्या कोट्यधीशांच्या दयेचा विषय राहिला असता. डाईममुळे तो सर्व राष्ट्राचा विषय झाला. त्याच निधीच्या बळावर डॉक्टर जोनास साल्क यांची लस १९५५ साली सिद्ध झाली, आणि हे साल्कही न्यूयॉर्कच्या एका ज्यू कुटुंबातलेच.

परंतु यासाठी अमेरिकेपर्यंत जाण्याचे कारण नाही. ज्या डोंगरावर आम्ही बसलो होतो, तो आणि त्याच्या आसपासचे शिवनेरी व मानमोडी हे डोंगर वर्गणीनेच कोरलेले आहेत. जुन्नरच्या लेण्यांतील शिलालेख म्हणजे दगडावर खोदलेले एक पावतीपुस्तक होय. धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे व पाण्याची पोढी दिली. नहपान क्षत्रपाचा अमात्य अयम याने मंडप व पोढी दिली. त्या लेखात वर्ष ४६ अशी नोंद आहे. आणि यवनही या यादीत आहेत: चिट याने भोजनमंडप दिला, इरिल याने दोन पोढ्या दिल्या, चंद याने लेण्याचे दर्शनी द्वार दिले. समुद्रापलीकडून आलेल्या मूळच्या परक्या माणसांकडून संघाने दान घेतले आणि ते त्यांच्या नावाने कोरू दिले. इरिलास कोणी 'तू खरोखर आमचा काय' असे विचारले असेलही. पण ज्या दिवशी त्याची पोढी घेतली, त्या दिवशी उत्तर मिळाले.

आमचे स्नेही हिशेबी आहेत. त्यांनी विचारले, "बांधकामास पैसे मिळतात, कोनशिलेवर नाव लागते, पण पुढे दहा वर्षांनी छप्पर गळले तर? त्याला कोण देतो?" हा प्रश्न प्रत्येक संस्थेचा आहे. पण आपले पूर्वज येथेही भोळे नव्हते. येथील लेखांत, वेळूकाम करणाऱ्यांच्या व कांसारांच्या श्रेणींकडे ठेव ठेवून तिचे मासिक उत्पन्न लावून दिल्याचे उल्लेख आहेत. एका शक उपासकाने करंजाच्या झाडांसाठी वीस निवर्तने व वडासाठी नऊ निवर्तने जमीन दिली. नहपानाचा जावई उषवदात याचा नाशिकच्या लेण्यातील लेख तर आजच्या हिशेबतपासनीसानेही वाखाणावा असा आहे. तीन हजार कार्षापण त्याने गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेवले; दोन हजारांस दरमहा शेकडा एक व एक हजारास दरमहा शेकडा पाऊण असे व्याज ठरविले, आणि मुद्दल परत करावयाचे नाही, फक्त व्याज भोगावयाचे, असे दगडावर लिहून ठेवले. हीच ती अक्षयनीवी. आज अमेरिकेतील संस्था कायम निधी ठेवून त्याचे वर्षाकाठी चार-पाच टक्केच खर्चतात, ही रीत आपल्यास परकी वाटण्याचे कारण नाही. ज्या निधिपत्रात नव्या इमारतीबरोबर पुढील डागडुजीची तरतूद नसेल, त्यावर सही करण्यापूर्वी देणाऱ्याने प्रश्न विचारावा. तो त्याचा हक्कच आहे. आमच्या स्नेह्यांनी पत्र लिहून तो विचारला, आणि उत्तर समाधानकारक आले.

एक शंका मात्र त्यांनी शेवटपर्यंत सोडली नाही, व ती आम्हांसही उडवून लावता येईना. समाज लहान होत असता त्याच्या इमारती मोठ्या का कराव्या? अमेरिकेची गोष्ट वेगळी. पण महाराष्ट्रातच काय झाले ते पाहा, असे ते म्हणाले. हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी बेने इस्रायली मुलांसाठी १८७५ साली मुंबईत शाळा काढली. तिच्यासाठी त्यांनी आपल्या लोकांकडे, तसेच इंग्लंडातील ज्यू मंडळींकडेही हात पसरले. पुढे मोठ्या देणगीवरून तिला सर एली कदूरी यांचे नाव मिळाले. माझगावची ती शाळा आजही आहे. ज्यू मुले मात्र तिच्यात नाममात्रच उरली. मग केहिमकरांचे श्रम फुकट गेले काय?

आम्हांस तसे वाटत नाही. ज्या मुलांसाठी शाळा निघाली ती तीत शिकून मोठी झाली. आणि ती गेल्यावर शेजारच्या वस्तीतील मुसलमान व हिंदू मुले तेथे शिकत आहेत. लेण्याद्रीवरील भिक्षू जाऊनही कित्येक शतके लोटली. त्यांच्या विहारात आज गिरिजात्मज गणपती आहे आणि तेथे भाविकांची रीघ आहे. आंबेगावची आठवण येथे सहज होते. ज्या गावावरून तालुक्यास नाव पडले ते मूळ आंबेगाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेले, आणि त्याची माणसे पांगली. धरणामुळे उठलेल्या वस्त्यांत स्वतःची घरे नीट उभी राहण्याआधीच ग्रामदेवतेच्या देवळासाठी वर्गणी निघालेली आम्ही पाहिली आहे. लोक पांगले म्हणजे एकत्र येण्याच्या जागेची गरज कमी होत नाही, वाढते. गावात शंभर घरे असली तर मुलास आपण कोण हे रस्त्यावर कळते; एकच घर असले तर त्यास वर्षातून तीन आठवडे तरी शंभर घरांत नेऊन ठेवावे लागते. विस्तार हवा तो याचसाठी.

आमच्या स्नेह्यांच्या मनात याहूनही जुने असे एक शल्य होते, ते पुण्यास परतण्याच्या आदल्या रात्री बाहेर आले. १९६२ साली इस्रायलच्या मुख्य धर्मपीठाने बेने इस्रायलांच्या विवाहांबाबत वंशाची चौकशी करण्याचा आदेश काढला होता. मुंबई-कोकणातून मोठ्या आशेने गेलेल्या लोकांस, तुम्ही अस्सल आहात काय, असे विचारले गेले. त्यांनी जेरुसलेमेत निदर्शने केली. अखेर १९६४ साली तेथील लोकसभेस ठराव करून सांगावे लागले की, हे सर्वार्थाने ज्यू आहेत. त्या वेळी आमचे स्नेही लहान होते. पण घरातील मोठ्यांच्या बोलण्यातील कडवटपणा त्यांच्या ध्यानात राहिला. "आमच्याकडे दाखला मागणारे पुष्कळ भेटले," ते म्हणाले, "वर्गणी मागणारे हे पहिलेच."

हे म्हणताना ते हसले, आणि आम्हांस वाटते, निर्णय त्याच क्षणी झाला. रक्कम त्यांनी आपल्या निवृत्तिवेतनास झेपेल एवढीच पाठविली. कर्ज काढून दानशूर होणाऱ्यांपैकी ते नव्हेत. आता छावणीच्या भोजनगृहात एक फळी लागावयाची असून तीवर रकमा न लिहिता केवळ नावे लिहावयाची आहेत. छापील यादी गेल्या महिन्यात आली, ती त्यांनी आम्हांस पाहावयास पाठविली. तीत मोठ्या देणगीदारांच्या बरोबरीने, त्याच टाइपात, त्यांचे आडनाव आहे, म्हणजेच कोकणातील एका खेड्याचे नाव. आणि त्याखाली तेच आडनाव पुन्हा एकदा आहे. ते नातवाचे. त्याने आपल्या खाऊच्या पैशांतून पाच डॉलर दिले होते.