लिनारेसची गाडी

लिनारेस, स्पेन
१४ नोव्हेंबर

तीर्थरूप अण्णांस,


काल संध्याकाळी सुखरूप पोचलो. माद्रिदहून रेल्वे दक्षिणेकडे निघाली की तासन्‌तास सपाट ला मांचाचा मुलूख, मग डेस्पेन्यापेरोसचा घाट, आणि घाट उतरला की ऑलिव्हच ऑलिव्ह. या हाएन प्रांतात ऑलिव्हची सहा कोटींहून जास्त झाडं आहेत म्हणतात. खिडकीतून पाहिल्यावर ते खरं वाटतं. सध्या तोडणी सुरू आहे. झाडाखाली जाळी अंथरतात आणि लांब काठ्यांनी फांद्या झोडतात. आपल्याकडे चिंचा पाडतात तसंच.

परवा फोनवर तुम्ही विचारलंत, इंग्रजांची लँडरोव्हर घ्यायची तर स्पेनला कशाला? फोनवर नीट सांगता आलं नाही. महिंद्रांनी परवाना घेऊन विलिजची जीप जशी आपली करून टाकली, तशी या गावातल्या सांताना कारखान्याने लँडरोव्हर आपली केली. १९५८ पासून इथे गाड्या बनू लागल्या. पुढे इथल्या कारागिरांनी स्वतःचं सहा सिलिंडरचं इंजिनही काढलं. ऐंशीच्या दशकात याच कारखान्यात सुझुकीच्या छोट्या जीपही बनल्या, म्हणजे तुमच्या खात्यात नंतर आलेल्या जिप्सीची सख्खी बहीण! २०११ मध्ये कारखाना बंद पडला. आज सकाळी बाहेरून पाहून आलो. एवढ्या मोठ्या आवारात भोंगा नाही, पाळी सुटल्याची गर्दी नाही. तिथे फार वेळ थांबवलं नाही.

दुसरं कारण गंजाचं. आमच्याकडे जर्मनीत आणि इंग्लंडात हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, ते चासीच्या पोटात शिरतं. इथली हवा कोरडी. शिवाय ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यापासून तिथून गाडी आणायची तर जकातीचे सोपस्कार आणि वर कर. स्पेनहून तसं काही नाही, आणि स्टिअरिंगही जर्मनीला चालणारं, डाव्या बाजूचं.

उद्या सकाळी गाडी बघायची आहे. तुमची छोटी हातोडी सोबत आणली आहे.

तुमचा,
विजय


लिनारेस
१७ नोव्हेंबर

ती. अण्णा,

गाडी घेतली. सांताना ८८, डिझेल, १९७९ ची. ८८ म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, इंचांत. इंजिन २२८६ सीसी. फिकट हिरवा रंग, बॉनेटवर उन्हाने उडालेला.

मालक सत्तरीचे गृहस्थ. गाडी त्यांच्या वडिलांनी नवी घेतली होती. गावापासून बारा किलोमीटरवर त्यांचा मळा आहे. चाळीस वर्षं या गाडीने ऑलिव्हची पोती तेलाच्या घाण्यावर पोचवली. त्यांना इंग्रजी येत नाही आणि माझं स्पॅनिश जेमतेम, तरी गाडीखाली शिरल्यावर भाषेचं काही अडलं नाही.

तुम्ही शिकवलंत तसंच केलं. आधी बॉडीकडे बघितलंच नाही. ती ॲल्युमिनियमची, युद्धानंतर पोलादाची टंचाई होती म्हणून तशी केलेली, ती गंजत नाही आणि माणसाला फसवते. खरा जीव चासीत. पाठीवर झोपून पुढून मागे इंच इंच ठोकत गेलो. ठण्‌ आवाज आला की पुढे. मागच्या आडव्या पट्टीवर एके ठिकाणी भद्द वाजलं. तिथे टोच्या लावला तर आत गेला. मी काही बोलायच्या आत त्या गृहस्थांनी तिथेच बोट ठेवलं, मग मागच्या हुकाकडे दाखवलं, आणि ट्रॉली ओढताना हात कसा ताणतो तसा करून दाखवला. दोष त्यांना माहीत होता आणि त्यांनी तो लपवला नाही. त्या क्षणी मी गाडी घ्यायचं मनात ठरवलं.

कमानपाटे शाबूत आहेत, फक्त एक पान बदललेलं आहे. पुढच्या चाकांच्या स्टिअरिंगच्या गोळ्यांवर खड्डे पडलेत, तिथून तेल झिरपतं. पिवळ्या मुठीची दांडी खाली दाबली की पुढची चाकं लागतात आणि लाल मुठीची दांडी ओढली की बारके गिअर. दोन्ही मळ्याच्या चढावर लावून पाहिले. हातात तेच वजन जाणवलं, जे तुमच्या जीपमध्ये जाणवायचं. ते असणारच. १९४७ साली लँडरोव्हरचा पहिला नमुना इंग्रजांनी जीपच्याच चासीवर बांधला होता, आणि १९४८ मध्ये ॲमस्टरडॅमच्या प्रदर्शनात गाडी जगापुढे आणली.

सात हजार दोनशे युरोंना सौदा झाला. कागदपत्रांना मात्र दोन दिवस गेले. इथे ‘हेस्तोरिया’ म्हणून कचेऱ्या असतात. आपल्या आरटीओबाहेरच्या एजंटचंच काम, पण रीतसर परवानगीचं, दारावर पाटी लावून. त्यांनी गाडीवर कर्ज किंवा जप्ती नाही याचा दाखला काढला, चासीवरचा नंबर कागदाशी ताडून पाहिला, देशाबाहेर नेण्यासाठी नोंद रद्द केली आणि तात्पुरत्या हिरव्या नंबरप्लेट दिल्या. आकडे त्यावर पांढरे.

निघताना त्या गृहस्थांनी बॉनेटवर हात ठेवला आणि बराच वेळ उचलला नाही. त्यांची मुलं बार्सिलोनाला असतात. मळा आता दुसरे लोक बघतात. तुम्ही निवृत्त झालात त्या दिवशी खात्याच्या जीपची किल्ली टेबलावर ठेवताना तुमचा हात असाच रेंगाळला होता, तो मला आठवला.

विजय


पर्पिन्याँ, फ्रान्स
२० नोव्हेंबर

ती. अण्णा,

आज स्पेनची हद्द ओलांडली. ताशी सत्तर-पंच्याहत्तरच्या वर गाडी नेत नाही. त्यापुढे इंजिनचा आवाज इतका होतो की विचारही ऐकू येत नाही. ट्रकच्या मागे मागे राहतो. आज वाराही असा होता की स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरून ठेवावं लागलं.

पण लिहायचंय ते कालचं. सारागोसा सोडल्यावर मोनेग्रोसचा उजाड पट्टा लागतो. झाड नाही, सावली नाही, पिवळी माती आणि मैलोन्‌मैल क्षितिज. तिथे गाडीने दोन आचके दिले, पुन्हा जोर धरला, पुन्हा आचके, आणि बंद. कडेला घेतली. अंगावर चमकतं जाकीट, सगळं नियमाप्रमाणे. मदतीसाठी फोन लावता आला असता. हात खिशाकडे गेलाही.

मग सत्त्याऐंशी सालचा पाऊस आठवला. कुंभार्ली घाट, तुमची एमएम ५४० जीप, आणि मी बॅटरी धरून उभा. तुम्ही म्हणाला होतात, डिझेल गाडी अशी आचके देऊन मेली तर आधी हवा बघ, मग बाकीचं. तेवढ्या पावसात तुम्ही मला एकेक नट दाखवत होतात.

तसंच केलं. फिल्टरवरचा स्क्रू सैल केला आणि फीड पंपाची दांडी हाताने मारायला लागलो. आधी फेस, मग बुडबुडे, मग पुन्हा फेस. दांडीला जोर लागेना, बोटं सुजली. बऱ्याच वेळाने स्वच्छ, सलग डिझेल आलं. स्क्रू घट्ट केला, मोठ्या पंपाचा सैल केला, पुन्हा तेच. शेवटी नोझलचे नट थोडे ढिले ठेवून स्टार्टर मारला, थेंब उडाले तसे एकेक आवळले. चौथ्या खेपेला इंजिन सुरू झालं. अण्णा, त्या माळावर मी मोठ्याने ओरडलो. ऐकायला कुणी नव्हतं.

हवा शिरत होती टाकीकडून येणाऱ्या रबरी नळीतून. टोकाला चिरली होती. तेवढा तुकडा कापला, उरलेली नळी ओढून चढवली, क्लिप आवळली. त्यानंतर इथवर आलो, कुरकुर नाही.

ही गाडी अशी बांधलेली आहे की चालवणाऱ्याला तिच्यात हात घालता येतो. मी ऑफिसात ज्या गाड्यांवर काम करतो, त्यांचं बॉनेट उघडलं तर मालकाला प्लास्टिकचं झाकण दिसतं. आम्ही ते चांगलं करतो, सुरक्षित करतो, धूर कमी करतो, याबद्दल मला शंका नाही. पण माणसाचा हात बाहेर ठेवण्यात आपण काही गमावलंय, हे मला काल कळलं. बोटं काळी होती आणि डिझेलचा वास अजून जात नाहीये. तुमच्या सदऱ्याला यायचा तोच.

विजय


स्टुटगार्ट
२६ नोव्हेंबर

ती. अण्णा,

घरी पोचलो. दोन हजारांहून जास्त किलोमीटर झाले. लियोंच्या पुढे पाऊस, ऱ्हाइन ओलांडली तेव्हा बारीक बर्फ. मुलं खिडकीत उभी होती.

आता तपासणी. इथे तीस वर्षांपुढची, मूळ रूपात राखलेली गाडी असेल तर ‘एच’ अक्षराची नंबरप्लेट मिळते. कर ठरावीक, वर्षाला १९१.७३ युरो, आणि एरवी जुन्या डिझेलला बंद असलेल्या शहराच्या हद्दीत जाता येतं. त्याआधी मागची पट्टी कापून नवी वेल्ड करायची आहे आणि ब्रेकच्या नळ्या बदलायच्या आहेत. वेल्डिंग मी करणार नाही, जाणकाराकडून करून घेईन. बाकीचं स्वतः.

आई विचारत होती, गाडी कऱ्हाडला आणता येईल का. नाही येणार. आपल्याकडे तीन वर्षांहून जुनी वापरलेली गाडी सहसा आणू देत नाहीत, आणि हिचं स्टिअरिंगही डावीकडे. तेव्हा मे महिन्यात तुम्ही दोघांनीच इकडे यायचं. व्हिसाचे कागद पाठवतो आहे, सही करून ठेवा.

एक काम आहे. दुसऱ्या गिअरमध्ये, उतारावर पाय काढला की आवाज येतो. इथे दोघांना ऐकवला, दोघांनी दोन गोष्टी सांगितल्या. रविवारी सकाळी तुमच्या नाष्ट्यानंतर फोन करतो. मी फोन गिअरबॉक्सजवळ धरेन आणि गाडी दुसऱ्या कुणाला चालवायला सांगेन. तुम्ही चष्मा काढून, डोळे मिटून ऐका, नेहमी ऐकता तसं. बेअरिंग आहे की दाते, तेवढं सांगा. तोवर गिअरबॉक्स उघडत नाही.

तुमचा,
विजय