शिखरजीला कोण गेले?

आमचे मूळ गाव वाळवा तालुक्यातले, कृष्णाकाठचे. हा तालुका आज सांगली जिल्ह्यात असला तरी पूर्वी तो सातारा जिल्ह्यात होता. नोकरीनिमित्त वडिलांनी गाव सोडले, तरी श्रावणातील मोक्षसप्तमीला घरी एक कथा न चुकता निघे. भगवान पार्श्वनाथांच्या निर्वाणाचा तो दिवस. निर्वाणलाडू अर्पण करून झाला की वडील म्हणत, ‘आपले पणजोबा शिखरजीला गेले, पर्वतवंदना केली आणि तिथेच त्यांनी देह ठेवला. असे मरण भाग्यवंतालाच येते.’ आम्ही भावंडे ते ऐकून मनोमन हात जोडत असू.

गेल्या वर्षी शेताच्या वाटणीचा विषय निघाला आणि चुलत्यांनी जुनी कागदपत्रे पाहण्याचे काम माझ्यावर सोपविले. त्या निमित्ताने पणजोबांचे साधे, शेतकऱ्याचे आयुष्य कागदांतून जुळवून पाहावे, असे मनात आले.

प्रथम मी जनगणनेकडे वळलो. आपल्याकडे 1881 पासून 2011 पर्यंत दर दहा वर्षांनी सर्व देशात शिरगणती होत आली आणि तिच्यात जैनांची नोंद स्वतंत्र धर्म म्हणून होत गेली. मात्र या खंडांत माणसे आकड्यांच्या रूपानेच भेटतात, नावानिशी नाही. व्यक्तिगत माहिती गुप्त ठेवावी, अशी तरतूद 1948 च्या जनगणना कायद्यातही आहे. तरीही ते आकडे निर्जीव नव्हते. 1891 मध्ये हिंदुस्थानात 14 लाखांहून अधिक जैन नोंदले गेले होते. 1921 मध्ये तो आकडा 11 लाख 78 हजारांच्या आसपास उतरला. 1911 ते 1921 हे तर एकच असे दशक, ज्यात साऱ्या देशाचीच लोकसंख्या घटली. त्यामागे प्लेग होता, दुष्काळ होता आणि सर्वांत मोठा घाला होता 1918 सालच्या इन्फ्लुएंझाचा. आपल्या भागात त्याला ‘मानमोडी’ म्हणत.

जनगणनेत न सापडलेले नाव तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात सापडले. अर्ज करून, दोन खेपा घालून गावच्या जन्ममृत्यूच्या नोंदवहीची नक्कल मिळाली. मोडी वाचणाऱ्या एका वृद्ध गृहस्थांनी बोट ठेवून ओळ वाचली : पणजोबांचे नाव, जात जैन, वय 30, मृत्यूचे कारण ताप, महिना नोव्हेंबर, साल 1918. मृत्यूचे ठिकाण आमचेच गाव. त्याच पानावर वर आणि खाली तापाच्याच नोंदी होत्या. वाचणारे क्षणभर थांबले आणि म्हणाले, ‘हे सगळे पान मानमोडीचे आहे.’

मी सुन्न झालो. शिखरजीच्या पायथ्याशी नव्हे, तर गावातल्याच घरी, साथीत सापडलेल्या शेकडो माणसांसारखे ते गेले होते. आता वडिलांच्या कथेचे काय करायचे?

पुढचा कागद होता 1919 चा फेरफार. त्यात माझे आजोबा, वय 6, जमिनीचे वारस म्हणून लागले होते आणि त्यांच्या नावापुढे तीन अक्षरे होती : अ. पा. क. आई. अज्ञान पालन कर्ता म्हणजे सज्ञान नसलेल्या मुलाची पालक. ही माझी पणजी. घरात तिला ‘थोरली आई’ म्हणत, एवढेच मला ठाऊक होते. बैल घेऊन दारोदार येणाऱ्या हेळव्यालाही मी विचारले. त्याने आमच्या पुरुषांच्या सात पिढ्या घडाघडा सांगितल्या. थोरल्या आईबद्दल त्याच्या वहीत फक्त माहेरचे गाव होते.

चुलत्यांच्या पत्र्याच्या ट्रंकेत तिचा आणखी एक माग लागला. 1922 सालचे एक कर्जखत, रक्कम फिटल्यावर कोपरा फाडून परत दिलेले. खाली सहीच्या जागी एक वर्तुळ : निशाणी बांगडी. लिहिता न येणाऱ्या स्त्रिया अशी निशाणी करीत. विधवेच्या मोकळ्या मनगटाची ती निशाणी पाहून माझ्या चुलतीच्या डोळ्यांत पाणी आले.

अखेर मी गावच्या बस्तीत गेलो. उसाच्या फडांतून जाणारा रस्ता, नदीचा घाट, घाटाच्या वरच्या अंगाला बस्ती. मूलनायकांचे दर्शन घेऊन उपाध्यांना जुन्या वह्या मागितल्या. त्यांनी लाल फडक्यातली बासने काढली. ‘2019 च्या महापुरात खालचा खण बुडाला,’ ते म्हणाले, ‘वरचे एवढेच वाचले.’ खालच्या बासनांचा कागद एकजीव होऊन विटेसारखा झाला होता.

वाचलेल्या एका वहीत शके 1848, फाल्गुन, म्हणजे 1927 च्या मार्चमधील जमेची नोंद सापडली. थोरल्या आईच्या नावे रुपये 5 आणि अभिषेकाचा पितळी कलश 1. पुढे कारण लिहिले होते : ‘मयत पतीचे नावे शिखरजीची यात्रा करून सुखरूप आल्याबद्दल.’

तेव्हा कुठे उलगडा झाला. शिखरजीला पणजोबा गेले नव्हते, थोरली आई गेली होती. कर्ज फेडून, शेत राखून, मुलाला वाढवून ती संघाबरोबर निघाली. मिरज-पुणे मार्ग तेव्हा मीटरगेज होता. पुण्यास गाडी बदलणे आले. पुढे बिहार, मग मधुबन आणि वीस तीर्थंकरांच्या निर्वाणाने पावन झालेल्या त्या पर्वताची 27 किलोमीटरची वंदना. हे सर्व तिने पतीच्या नावे केले. पुढे दोन पिढ्यांत ‘पणजोबांच्या नावची यात्रा’ ही ‘पणजोबांची यात्रा’ झाली. यात कोणी खोटे बोलले नाही. तिने स्वतःचे पुण्य दुसऱ्याच्या नावे केले आणि आम्ही ते शब्दशः खरे मानले.

उपाध्यांनी तो कलशही दाखविला. रोजच्या वापराने त्यावरची अक्षरे झिजली आहेत. नाव लागत नाही, बोटाला खाच तेवढी लागते. अभिषेक आजही त्यानेच होतो.

या मोक्षसप्तमीला मी वडिलांना सारे सांगितले. वय 88. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, ‘आजीच्या पायाला भेगा होत्या, मी तेल लावायचो. हे पाय शिखरजी चढून आलेत, असे तिने एकदाही सांगितले नाही रे.’ त्यानंतर त्यांनी वंशावळीचा कागद मागवून घेतला आणि पणजोबांच्या शेजारी, थरथरत्या हाताने, तिचे नाव स्वतः लिहिले.

वाचकांना एकच विनंती. आपल्या गावच्या बस्तीतील जुन्या वह्या रद्दीत किंवा पुरात जाण्यापूर्वी एकदा उघडून पाहाव्यात, त्यांची छायाचित्रे काढून ठेवावीत. घरातील वृद्धांना त्यांच्या आज्यांची नावे विचारावीत. शिरगणतीने त्यांना संख्येत धरले. नावानिशी ओळखणे हे आपले काम आहे.